समोरची कंपनी एनसीएलटीत (दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात) गेली, आता आमच्यावरच्या कॉपीराइट दाव्याचं काय?

महापेकर:
महापेला आमचं छोटं ऑफिस आहे, गोदामांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो. आधी ज्यांचं काम कंत्राटावर करायचो, त्यांनी 'आमचा सोर्स कोड ढापला' म्हणून ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावलाय. आम्हीही थकलेल्या बिलाचा प्रतिदावा केला. आता त्यांचीच दिवाळखोरी सुरू झालीय. दावा आपोआप निकालात निघाला ना? पोरं पार्टी मागतायत.

नौपाड्याचा सीएस:
पार्टी थांबवा. आयबीसीचं (दिवाळखोरी कायद्याचं) कलम १४ कंपनीविरुद्धचे दावे गोठवतं, कंपनीने दुसऱ्यावर लावलेले नाही. आरपीच्या, म्हणजे दिवाळखोरीत कंपनी सांभाळणाऱ्या व्यावसायिकाच्या, दृष्टीने तुमच्यावरचा दावा म्हणजे येणं आहे. कलम २५ प्रमाणे तो कंपनीतर्फे कोर्टात उभा राहणारच.

गोची प्रतिदाव्याची. तो कंपनीविरुद्ध, म्हणजे अडकू शकतो. २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका प्रकरणात, दावा-प्रतिदावा एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून प्रतिदावा चालू दिला होता, पण त्या भरवशावर बसू नका. फॉर्म बी (तुमच्यासारख्या बिलवाल्या देणेकऱ्यांचा मागणी-अर्ज) भरून आरपीकडे क्लेम टाका, जाहीर सूचनेतल्या मुदतीत. कंपनी सावरण्याचा प्लॅन मंजूर झाला आणि तुमचं येणं त्यात नसलं, तर ते बुडालं. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. लोक इथेच गाफील राहतात.

ऐरोली लिनक्सवाला:
एससीओ या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट आठवा. २००३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडवरून आयबीएमवर दावा, पुढच्या वर्षी नॉव्हेल या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीवर. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, युनिक्सचे कॉपीराइट नॉव्हेलचेच. उरलेल्या मुद्द्यांची सुनावणी १७ सप्टेंबरच्या सोमवारी होती. आदल्या शुक्रवारी एससीओने चॅप्टर ११ (अमेरिकेतला दिवाळखोरीचा अर्ज) दाखल केलं. सुनावणी थांबली! नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरी कोर्टानेच नॉव्हेलला तो खटला पुढे चालवायची वाट मोकळी करून दिली. पुढे अपिलात निकालाचा काही भाग फिरला, पण २०१० मध्ये ज्युरीनेही कौल नॉव्हेललाच दिला. आयबीएमवरचा दावा मात्र एससीओच्या दिवाळखोरीत नेमलेल्या ट्रस्टीने धरून ठेवला आणि २०२१ मध्ये सव्वाचौदा दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली. मेलेली कंपनी एवढं वसूल करते, तर तुमचा आरपी का सोडेल?

महापेकर:
बापरे. म्हणजे आम्ही लढतच राहायचं?

नौपाड्याचा सीएस:
लढा, पण नेमकं कशावर ते बघा. नॉव्हेलने मालकीलाच हात घातला होता. तुम्ही त्यांचे नोकर नव्हता, कंत्राटदार होता. नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडचा मालक नोकरी देणाराच, तसा करार नसला तरी. कंत्राटदाराचं तसं नाही. साधारणपणे कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, तो दुसऱ्याला द्यायचा तर देणाऱ्याच्या सहीचा लेखी दस्त हवा, कॉपीराइट कायद्याचं कलम १९. जुन्या वर्क ऑर्डरमध्ये असाइनमेंटचा (हक्क त्यांना दिल्याचा) मजकूर आहे का? फक्त 'काम पूर्ण झाल्यावर कोड सुपूर्द करावा' एवढंच असेल तर वकिलांना आजच दाखवा.

महापेकर:
काढली फाइल. वर्क ऑर्डरवर 'डिलिव्हरेबल्स' एवढाच शब्द आहे, खाली त्यांचा शिक्का, आमची सही नाहीच.

नौपाड्याचा सीएस:
त्यामागची पानंही बघा, ईमेलही. त्यांच्या अटी व शर्ती बऱ्याचदा मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या असतात. आणि फॉर्म बी विसरू नका.