विक्रांतवरचे अप्पा : तुमच्याकडची आठवण लिहा

अप्पांना जाऊन वर्ष होईल. नौदलात स्टोकर होते, म्हणजे बॉयलरवर. ७१ च्या लढाईत विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते, पण आमच्यापुढे त्याबद्दल कधी धड बोलले नाहीत. ज्याच्याकडे जे असेल ते लिहा. गोडगोडच लिहा असं काही नाही. – नात

थोरली लेक : मी तेव्हा सात वर्षांची. परळच्या चाळीत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद. अप्पांच्या पत्रावर ते कुठे आहेत याचा पत्ताच नसे, नुसतं फ्लीट मेल ऑफिस. ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी बुडाली. १९४ माणसं गेली हे पुष्कळ नंतर कळलं. चाळीत आलं ते एवढंच, की नेव्हीचं जहाज बुडालं. अप्पा तेव्हा पार बंगालच्या उपसागरात. पण आईला कुठे ठाऊक? दोन दिवस ती सारखी आरशासमोर जाऊन कुंकू नीट करत होती. कुणी काही विचारलं की म्हणायची, घाम येतो गं.

खालच्या मजल्यावरून : खरं लिहितो. त्यांच्या टीव्हीने माझं बारावीचं वर्ष खाल्लं. शेवटी बाबा भांडायला वर गेले. अप्पांनी निमूट आवाज कमी केला आणि खुर्ची पडद्याला चिकटवून बसले. बॉयलर रूमने कान नेले होते, हे काकूंनी नंतर जिन्यात सांगितलं.

नातू : विक्रांतचं म्युझियम होतं तेव्हा अप्पा मला घेऊन गेले. लोक विमानांपाशी फोटो काढत होते, हे खाली उतरायचा जिना शोधत होते. रखवालदाराने अडवलं, तर त्याच्याशी हुज्जत! २०१४ मध्ये मुंबईतच दारूखान्यात, जिथे जहाजं तोडतात तिथे, ती तोडायला घेतली. जाऊया का विचारलं, तर नको म्हणाले. पुढे तिच्या पोलादाची बजाज व्ही मोटारसायकल आली, ती मी घेतली. अप्पांनी टाकीवर टिचकी मारून विचारलं, "यात डेक किती नि बॉयलर किती?" शोरूमवाला गप्प.

बरोबरचा स्टोकर (माझा नातू टाइप करतोय) : तुमच्या अप्पाला आम्ही 'काटा' म्हणायचो. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला. तीनवरच निघालो, वेग १६ नॉटच्या आसपास. खाली लढाई दिसत नाही, पोरांनो. घामाने बूट पचपच वाजायचे, बस. पण विमान डेकवरून भिरकावणारा कॅटपल्ट वाफेवरचा. विमान सुटलं की गेजचा काटा खाली यायचा. ४ डिसेंबरला आमची सी हॉक विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेली. हा काट्याकडे बघून बोटांवर मोजत होता, एक गेलं, दुसरं गेलं. उतरणारं विमान वाफ खात नाही, त्यामुळे परत किती आली ते काट्यावर कळत नाही. वरून कुणीही खाली आलं की आधी तेच विचारायचा.

सून : वरचं वाचून आत्ता उलगडा झाला. शेवटच्या आठवड्यात त्यांना ऑक्सिजन लावला होता. रात्री मला हलवून म्हणाले, "सूनबाई, काटा उतरतोय." मला वाटलं, भ्रम झालाय. तरी ब्रदरला बोलावलं. सिलिंडर खरंच संपत आला होता. दुसरा जोडेपर्यंत अप्पांनी त्यावरची नजर काढली नाही. मग मला म्हणाले, "आता तू जेवून घे."