विश्व पसरतंय ते कशाच्या जोरावर?

वेंगुर्ल्याची_लेक: अमावास्येच्या रात्री सागरेश्वरच्या पुळणीवर बसलं की हाच प्रश्न छळतो. १९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांवरून कळलं, की विश्वाचं पसरणं मंदावत नाही, वेग घेतंय. गुरुत्वाकर्षण सगळं आत ओढत असताना हे ढकलतंय काय? ‘कृष्ण ऊर्जा’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

देवगडकर_मास्तर: नावामागे विचार आहे गो. जागा वाढते तसा पदार्थ विरळ होतो. पण पोकळीचीच ऊर्जा असेल तर ती विरळ होत नाही, म्हणून शेवटी तिचंच चालतं. अडचण मात्र भयंकर आहे. पुंजभौतिकीचा (क्वांटम फिजिक्सचा) या ऊर्जेचा ढोबळ हिशेब निरीक्षणापेक्षा एकावर १२० शून्यं इतक्या पटीनं जास्त येतो!

आचऱ्याचो_झिल: खगोलशास्त्रज्ञ हॉईल-नारळीकरांचं सृष्टिक्षेत्रही बघा, म्हणजे द्रव्य घडवणारं, चुंबकीय क्षेत्रासारखं जागाभर पसरलेलं क्षेत्र. नवं द्रव्य जन्मतं आणि त्या क्षेत्राचा ऋण दाब (गुरुत्वाच्या उलट, बाहेर ढकलणारा) विश्व पसरवतो. १९६५ला पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटानंतरच्या तप्त विश्वाचं उरलेलं प्रारण, सापडलं नि ही कल्पना मागे पडली.

वेंगुर्ल्याची_लेक: मास्तर, ती ऊर्जा कायम तेवढीच राहते कशावरून? दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी (DESI) प्रकल्पाच्या २०२४च्या मोजणीत ती काळानुसार बदलत असल्याचे संकेत आहेत. सिद्ध काही नाही, तरी माझा कल तिकडेच. बदलत असेल तर तिच्यामागे एखादं क्षेत्र असणार, आणि क्षेत्र असेल तर त्याचे नियम शोधता येतील.