सिंजारमध्ये सापडलेले अर्ज

२००३ नंतर इराकमध्ये अमेरिकी फौजांविरुद्ध पेटलेलं बंड बाहेरून आलेल्यांनीच पेटतं ठेवलं, असं मत मांडलं जातं. ते मला पटत नाही. लढणारे बहुसंख्य इराकीच होते. २००३ मध्ये अमेरिकेने इराकी सैन्य बरखास्त केलं आणि शस्त्रं चालवता येणारी लाखो माणसं एका फटक्यात बेकार झाली, हे विसरून कसं चालेल? परदेशी मूठभर होते, पण आत्मघाती स्फोटांसाठी प्रामुख्याने त्यांनाच पुढे केलं गेलं.

२००७ साली इराकमध्ये सीरियाच्या सीमेलगत सिंजार या गावाजवळ अमेरिकी सैन्याच्या हाती अल-कायदाच्या इराकी शाखेचे सहाशेहून जास्त नोंदणी-अर्ज लागले. नोकरीचा फॉर्म असावा तसे रकाने: नाव, टोपणनाव, गाव, कोणामार्फत आला, सोबत किती पैसे आणले, पासपोर्ट जमा केला का. आणि एक रकाना ‘काम’. त्यात ‘लढवय्या’ किंवा ‘हुतात्मा’, म्हणजे आत्मघाती हल्लेखोर. काम नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांपुढे दुसरा शब्द आहे. व्यवसाय लिहिलेल्यांत विद्यार्थी सर्वांत जास्त. वाचताना पोटात कालवतं.

सर्वाधिक सौदी, मग लिबियन. पण लिबियातल्या दर्ना या छोट्या शहरातून सौदीची राजधानी रियाधइतकीच पोरं आली होती. म्हणजे नुसत्या विचारसरणीने हे उलगडत नाही. ओळखीपाळखी, मशिदीतली मित्रमंडळी, आधी गेलेला शेजारी, ही साखळी पाहावी लागते.

शिवाय स्थानिकांना हे पाहुणे जड झालेच. २००६ मध्ये पश्चिम इराकमधल्या रमादी शहरात टोळीप्रमुख अब्दुल सत्तार अबू रिशा यांच्या पुढाकाराने सुन्नी टोळ्याच अल-कायदाविरुद्ध उभ्या राहिल्या.