डबघाईला आलेल्या शहराने कन्व्हेन्शन सेंटर वाढवावे का? डेट्रॉइटचा वाद आणि आपली सांगली

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी आमराईतील फेरी संपल्यावर आमच्या कट्ट्यावर विषय निघाला की, हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे प्रदर्शन किंवा एखादे राज्यस्तरीय अधिवेशन एका छताखाली भरवता येईल असे कन्व्हेन्शन सेंटर सांगलीत असायला हवे. एका ज्येष्ठ सदस्यांनी यावर अमेरिकेतील डेट्रॉइटचा दाखला दिला. तेथील ‘कोबो’ नावाच्या केंद्राच्या विस्ताराचा प्रस्ताव राज्य सरकारच्या पाठबळाने पुढे आला होता. शहर कर्जात बुडालेले असताना आणि मुख्य भार दुसरे उचलायला तयार असतानाही, शहराच्याच निवडून आलेल्या नगरपरिषदेने फेब्रुवारी 2009 मध्ये तो 5 विरुद्ध 3 मतांनी फेटाळला. घरी आलेल्या लक्ष्मीला असे कोणी का परतवावे, हे मला उमगलेले नाही. पुढे काय झाले, हेही जाणकारांनी सांगावे.

वालचंदी

मी 2006 ते 2014 या काळात डेट्रॉइटच्या उत्तरेकडील ओकलंड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोकरीनिमित्त राहत होतो. म्हणजे हा वाद मी उपनगराच्या खिडकीतून पाहिला, हे आधीच सांगून ठेवतो.

कोबो 1960 मध्ये सुरू झाले आणि 1989 मध्ये एकदा वाढवले गेले. त्याचे खरे वैभव म्हणजे दर जानेवारीत भरणारे मोटारींचे प्रदर्शन. बाहेर नदीवर बर्फ, पलीकडच्या काठावर कॅनडातील विंडसर शहर, आणि आत जाडजूड कोट हातावर टाकून नव्या गाडीच्या सुकाणूमागे आळीपाळीने बसून पाहणारी कुटुंबे, असे ते दृश्य असे. मोटार कंपन्यांचे म्हणणे होते की जागा अपुरी आहे आणि इमारत जुनी झाली आहे. त्यामुळे प्रदर्शन शहराबाहेर जाईल, अशी भीती सतत घातली जात असे.

आपण ‘लक्ष्मी’ म्हणता, पण तिच्याबरोबर एक अट आली होती. केंद्राचा ताबा शहराकडून काढून पाच सदस्यांच्या प्रादेशिक प्राधिकरणाकडे द्यायचा, आणि त्यात राज्य, डेट्रॉइट शहर आणि वेन, ओकलंड व मॅकोम्ब या तीन काउंट्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असायचा. ज्या शहराची लोकसंख्या 1950 मधील साडेअठरा लाखांवरून 2010 पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आली, आणि जे बहुसंख्येने कृष्णवर्णीय असून ज्याची उपनगरे प्रामुख्याने गोरी आहेत, त्या शहराने नदीकाठची मोक्याची मालमत्ता उपनगरांच्या हाती द्यावी, असे ते सांगणे होते. शिवाय अल्बर्ट कोबो हे 1950 च्या दशकातील महापौर, आणि शहर पुनर्रचनेच्या त्यांच्या धोरणात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या उठवल्या गेल्याची आठवण अनेक घरांत ताजी होती. विरोध करणाऱ्यांच्या वागण्यात व्यक्तिगत राजकारण मुळीच नव्हते, असे मी म्हणणार नाही. नगरपरिषदेच्या तत्कालीन अध्यक्षा मोनिका कॉनियर्स यांनी त्याच वर्षी जूनमध्ये एका वेगळ्याच कंत्राटातील लाचेच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला. पण तेवढ्यावरून विरोधामागील भीती खोटी ठरत नाही, असे मला तेव्हाही वाटत होते. ऑफिसात मात्र मी ते कधी बोललो नाही.

महापौर केन कॉक्रेल ज्युनियर यांनी नगरपरिषदेच्या ठरावावर नकाराधिकार वापरला आणि वाद न्यायालयात गेला. मग राज्य विधिमंडळाने सुधारित कायदा केला आणि सप्टेंबर 2009 मध्ये प्राधिकरणाने ताबा घेतला. हे सगळे चालू असताना 30 एप्रिलला क्रायस्लरने आणि 1 जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला होता. ज्यांच्या गाड्या मांडण्यासाठी हा सारा खटाटोप, ते यजमानच न्यायालयाच्या दारात उभे होते. तरीही सुमारे 279 दशलक्ष डॉलरचे नूतनीकरण 2015 पर्यंत पूर्ण झाले.

जमाखर्च

वालचंदी यांनी राजकारण नीट मांडले आहे. मी पैशाबद्दल लिहितो, कारण नगरपालिकेच्या लेखा विभागात माझी उमर गेली.

असल्या प्रकल्पात बांधकामाचा पैसा आणि चालवण्याचा पैसा हे दोन वेगळे हिशेब असतात, आणि नेते बहुधा पहिल्याचाच नारळ फोडतात. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये 1985 च्या कायद्याने हॉटेलांच्या खोल्यांवर आणि मद्यावर कर बसवून अशा केंद्रांसाठी निधी उभा केला होता, म्हणजे बांधकामाला निदान स्वतंत्र झरा तरी होता. पण रोजचे वीजबिल, साफसफाई, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे पगार यांची दरवर्षीची तूट शहराच्या खात्यावर पडत असे. प्राधिकरण आल्यावर हा बोजा शहराच्या डोक्यावरून उतरला, आणि माझ्या मते त्या व्यवहारातील शहराचा खरा लाभ हाच होता. मात्र तेवढ्याने शहर वाचले नाही, कारण जुलै 2013 मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा देण्यांचा आकडा सुमारे 18 अब्ज डॉलर होता. एवढ्या खड्ड्यापुढे एका सभागृहाची तूट म्हणजे दर्या में खसखस.

आता सांगलीकडे येऊ. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि 2017 नंतर महापालिकेची मदार वस्तू व सेवा करापोटी राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर आणि घरपट्टी-पाणीपट्टीवर राहिली. हळदीचे व्यापारी वर्षातून किती दिवस प्रदर्शन भरवणार? चार? आठ? उरलेले दिवस ते सभागृह लग्नांना द्यावे लागेल, आणि तेथे त्याची गाठ खासगी मंगल कार्यालयांशी पडेल, ज्यांच्याकडे आचारी, मांडववाला आणि वाहनतळ हे सगळे एका फोनवर हजर असते. सरकारी सभागृहात मात्र जनरेटरच्या डिझेलची मंजुरी कोणी द्यायची, यावर फाईल दोन आठवडे फिरू शकते. माझ्या नोकरीच्या काळात अशी एक फाईल मी स्वतः तीन टेबलांवरून परत येताना पाहिली आहे, आणि तोवर कार्यक्रम उरकला होता.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडे महापौरांना नकाराधिकार नाही. महासभेचा ठराव अडवायचा असेल, तर तो महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली राज्य सरकारकडून निलंबित किंवा विखंडित करून घ्यावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे हे भांडण न्यायालयाआधी मंत्रालयात पोहोचेल.

मिरजेचा तानपुरा

जमाखर्च काकांचा हिशेब पटला, पण जागेचा प्रश्न कोणी काढलाच नाही. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली खरी, पण नवे काही बांधायचे म्हटले की तिन्ही गावे पुन्हा वेगळी होतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ सांगलीत सादर केले म्हणून नाट्यगृहाचा पहिला मान सांगलीचा, हे आम्ही मुकाट्याने मानतो. पण अधिवेशनाला येणारा माणूस रेल्वेने येतो आणि जंक्शन मिरजेला आहे, हे सांगलीकर सोयीस्करपणे विसरतात.

दुसरे पाण्याचे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, तर धोक्याची पातळी 45 फूट आहे. नदीकाठचे ‘दर्शनी’ केंद्र डेट्रॉइटला शोभते, येथे नाही. उंचावर बांधले, तर पुरात हजारो माणसांना त्याच छताखाली आसरा देता येईल. डेट्रॉइटच्या त्याच इमारतीत 2020 च्या साथीत तात्पुरते रुग्णालय उभारले होते, असे वाचले आहे.

वालचंदी

होय, उभारले होते. तोवर इमारतीचे नावही बदलले होते, कारण 2019 मध्ये एका बँकेने नामकरणाचे हक्क घेतले आणि ‘कोबो’ ही पाटी उतरली. जाता जाता एक गोष्ट सांगतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे 2017 चे अधिवेशन मिशिगनमध्येच झाले, पण नूतनीकरण झालेल्या त्या वास्तूत नव्हे, तर ग्रँड रॅपिड्स शहरात. अधिवेशन भरवणाऱ्यांना शेजारचे गावही चालते, हे विस्ताराचे आराखडे काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

विश्रामबागकर

सर्वांचे आभार. विरोध इमारतीला नसून ताब्याला होता, हे मला आता कळले. प्राधिकरणात निर्णय बहुमताने होत असत की एकमताने?

वालचंदी

पाचही सदस्यांच्या एकमताने. म्हणूनच ओकलंडलाही ते पचले आणि शहरालाही.

मिरजेचा तानपुरा

मग आपल्या प्राधिकरणात मिरजेचा एक सदस्य आजच धरून ठेवा. कुपवाडकर स्वतःचे स्वतः लिहितील.