टाकी धुतली ते ग्रुपवर सांगा

बी-३०४: काल वरची टाकी धुतली, हे कुणी सांगितलं का नाही? संध्याकाळी फिश टँकचं पाणी बदललं आणि रात्रीत १२ पैकी ७ निऑन टेट्रा गेले. आधी वर येऊन तोंड वासत होते. नळाला नुसता क्लोरीनचा वास मारतोय.

ए-१०२ काका: नळाचे पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवून मगच टँकमध्ये टाकावे. 🙏

बी-३०४: काका, एरवी ठेवतेच. काल राहिलं. पण टाकी धुताना आदल्या दिवशी एक ओळ टाकायला काय हरकत आहे? दिवाळीच्या आधीही हेच झालं होतं.

सेक्रेटरी: नोटीस गुरुवारीच बोर्डावर लावली होती. कृपया बोर्ड वाचत जावा.

बी-३०४: गुरुवारी पाणी बंद होतं, सगळे बादल्या भरण्यात. बोर्ड कोण बघतंय?

सी-२०१: गुरुवारवरून आठवलं. त्या दोन टँकरचे पैसे सगळ्यांकडून का? सी विंगला थेंब मिळाला नाही.

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये.

सी-२०१: मीटिंग कधी, पुढच्या दिवाळीला?

सी-४०३: ताई, मासेच ना? नवीन आणा की. 😀

बी-३०४: मुलगा सकाळपासून टँकसमोर बसून आहे. उरलेले पाच मोजतोय. तुम्हाला हसू येतंय, येऊ दे.

सी-४०३: सॉरी ताई. तसं नव्हतं म्हणायचं.

ए-५०१: ताई, नवीन मासे आज अजिबात आणू नका. क्लोरीनने कल्ले तर भाजतातच, शिवाय फिल्टरमधले जीवाणूही मरतात. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. हे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते पुन्हा जमायला चार-सहा आठवडे लागू शकतात. दोन दिवस खाणं बंद ठेवा. उपाशी मरत नाहीत, खाल्लं की घाण वाढते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. आणि अँटी-क्लोरीनचे थेंब घरात ठेवाच.

ए-१०२ काका: नळाचे पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवावे. 🙏

बी-३०४: पाचही झाडामागे दडलेत. रंग फिका पडलाय. खायलाही येत नाहीत.

ए-५०१: थव्याचा मासा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मोठ्या थव्यांनी राहतो. घरात निदान आठ-दहा हवेत, पाचावर आले की घाबरतात. बिचकलेला मासा लवकर आजारी पडतो.

बी-२०४: वहिनी, माशांचं दुःख आहेच. पण पावसाळ्यात आमच्या हॉलच्या छताला ओल कशाची आली होती, ते अजून कळलेलं नाही.

बी-३०४: प्लंबरने बाथरूमचं लीकेज दाखवलं होतं. फिश टँकचा काय संबंध?

बी-२०४: मी फक्त विचारलं.

डी-१०३: उरलेले मुठेत सोडून द्या, पुण्य लागेल.

ए-५०१: कृपया असं कुणी करू नका. परदेशी मासे नदीत सोडणं चुकीचं आहे. तिलापिया असाच बाहेरून आलेला, आता आपल्या नद्यांत पसरलाय. देशी माशांचं खाणं आणि जागा दोन्ही जाते.

ए-१०२ काका: बादली उघडी असावी. झाकण ठेवू नये.

सेक्रेटरी: पुढच्या वेळी टाकी धुण्याच्या दोन दिवस आधी ग्रुपवर टाकतो. बोर्डावरही लावणारच.

बी-३०४: आभारी आहे. हे दिवाळीलाच झालं असतं तर बरं होतं.

ए-५०१: ताई, माझ्या टँकमध्ये १४ निऑन आहेत, फिल्टर जुना आहे. तुमचा टँक सावरेपर्यंत पाचही इकडे आणा. पिशवी आधी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवू, मग थोडं थोडं पाणी घालून सोडू.

बी-३०४: खरंच? सातला येते. मुलगाही येईल, त्याला स्वतः सोडायचेत.

ए-५०१: या. ए विंगची लिफ्ट बंद आहे, जिन्याने या. पिशवी हिंदकळू देऊ नका.

सी-२०१: लिफ्ट कधीपासून बंद आहे?? 

ए-१०२ काका: सोमवारपासून.