मदत हवी आहे: जुन्या पीजीपी मेल उघडताना 'इंटिग्रिटी प्रोटेक्टेड नाही' अशी एरर. ती बंद करावी का?

जुनाटडेस्कटॉप
२००१-०२ मधल्या काही पीजीपी (मेल एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करण्याची पद्धत) मेल जीपीजी (तीच पद्धत वापरणारा प्रोग्रॅम) २.२ मध्ये उघडायच्या आहेत. की (कुलपाची किल्ली) तीच, पासफ्रेजही बरोबर. तरी 'मेसेज वॉज नॉट इंटिग्रिटी प्रोटेक्टेड' (मजकुरात फेरफार झाला का, हे तपासायची सोय नाही) आणि त्याखाली 'डिक्रिप्शन फोर्स्ड टू फेल' येतं. १.४ मध्ये याच फायली नुसता इशारा देऊन उघडायच्या. कॉन्फिग फायलीत 'इग्नोर-एमडीसी-एरर' (ही एरर सोडून पुढे जा, असा पर्याय) कायमचं टाकलं तर काय बिघडेल? मेलमधल्या रिमोट इमेजेस (मेल उघडताच वेबवरून येणारी चित्रं) बंदच आहेत.

कडीकोयंडा
कॉन्फिगमध्ये टाकू नका. लागलंच तर एका फायलीपुरतं, कमांडलाइनवर.

ही सक्ती २.२.८ पासून, जून २०१८ मध्ये आली. त्याआधीच्या महिन्यात ईफेल (एन्क्रिप्टेड मेलचा मजकूर मेल प्रोग्रॅमकडूनच बाहेर पाठवून घेणारे हल्ले) जाहीर झालं होतं. एमडीसी म्हणजे मजकुराच्या शेपटीला जोडलेला एसएचए-१ हॅश (मजकुरावरून काढलेला, फेरफार ओळखायचा ठसा). तो नसेल तर सायफरटेक्स्टमध्ये (एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरात) एक बिट उलटवला की मजकुरातला नेमका तोच बिट उलटतो, फक्त पुढचा ब्लॉक नासतो. मजकुराचा एखादा ब्लॉक अंदाजाने ठाऊक असला तरी हल्लेखोराला तिथे स्वतःचा एचटीएमएल टॅग बसवता येतो. पीजीपी मजकूर आधी कॉम्प्रेस करतं म्हणून हे जरा जड जातं; एस/माइमला (मेल एन्क्रिप्ट करण्याची दुसरी पद्धत) तेवढाही आडोसा नव्हता.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. नव्या मेलचं एमडीसी कापून पॅकेटचा टॅग (डेटाच्या तुकड्याचा प्रकार सांगणारा आकडा) १८ (एमडीसीसह) चा ९ (एमडीसीविना) करता येतो. म्हणजे कॉन्फिगमधली सूट २००१ च्या फायलींपुरती राहत नाही, उद्या आलेल्या बनावट मेललाही तीच मिळते.

आधी त्या फायलीवर 'जीपीजी --लिस्ट-पॅकेट्स' चालवा (टाइप अर्थातच रोमनमध्ये). 'एमडीसी_मेथड: २' ही ओळ दिसली तर फायलीला एमडीसी आहे आणि तुमची अडचण वेगळी आहे. टॅग ९ असेल आणि फाइल खरोखरच तुमच्या जुन्या बॅकअपमधून आली असेल, तरच पुढे जा: नेटवर्क बंद, '--आउटपुट' देऊन थेट फायलीत उतरवा, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचा, आणि लगेच आजच्या जीपीजीने पुन्हा एन्क्रिप्ट करून ठेवा. स्क्रिप्ट लिहिणार असाल तर एक्झिट कोड (काम यशस्वी झालं का सांगणारा आकडा) तपासा. जीपीजी मजकूर ओघाने बाहेर सोडतं आणि हॅश शेवटी जुळवतं, त्यामुळे आउटपुट फाइल तयार झाली म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

पाकीटफोड्या
रिमोट इमेजेस बंद आहेत यावर विसंबू नका. ईफेलच्या चाचण्यांत काही मेल प्रोग्रॅमची ती बंदी चुकवणाऱ्या वाटा सापडल्या होत्या. एमडीसीला हातही न लावणारा हल्ल्याचा दुसरा प्रकार तर आणखी सोपा. एका मेलचे तीन भाग: पहिल्यात इमेज टॅगचा पत्ता अवतरणचिन्ह उघडून अर्धवट सोडलेला, मधे तुमची चोरलेली एन्क्रिप्टेड मेल जशीच्या तशी, तिसऱ्यात ते अवतरणचिन्ह बंद. प्रोग्रॅम मधला भाग उलगडतो, तिन्ही एकाच एचटीएमएलमध्ये जोडतो, आणि तुमचा मजकूर वेबपत्त्याचा भाग होऊन हल्लेखोराच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसतो. ॲपल मेल आणि त्या वेळचा थंडरबर्ड यात सापडले होते. एकूण तपासलेल्या २८ पैकी १० ओपनपीजीपी (पीजीपीचं प्रमाणित रूप) आणि ३५ पैकी २३ एस/माइम प्रोग्रॅम या ना त्या प्रकाराला बळी पडले.

थंडरबर्डमध्ये व्ह्यू, मेसेज बॉडी ॲज, प्लेन टेक्स्ट. दिसायला रुक्ष, पण उघडाच राहिलेला टॅग तिथे नुसता मजकूर म्हणून दिसतो.

जुनाटडेस्कटॉप
कळलं. पण गेल्या महिन्यात आलेल्या एका मेललाही टॅग ९ आहे. ती कशी उघडू?

कडीकोयंडा
ती उघडूच नका, पाठवणाऱ्याला फोन करून पुन्हा मागवा. आणि तुमची की पाहा: '--एडिट-की', मग 'शोप्रेफ'. 'फीचर्स' ओळीत एमडीसी नसेल तर समोरचं जुनं सॉफ्टवेअर ते लावतच नाही. 'सेटप्रेफ', 'सेव्ह' करा आणि पब्लिक की सगळ्यांना नव्याने पाठवा. त्यांच्याकडची जुनी प्रत आपोआप बदलत नाही.