ओंडका पायाने दाबून धरायचा नाही

दादा: पडलेल्या झाडाचे ओंडके मिळालेत, फूटभर जाडीचे. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या यंत्रावर, वाडगे करायला घेणार आहे. उद्या चेनसॉने, म्हणजे साखळीच्या करवतीने, मधोमध फाडतो. छोटू पायाने दाबून धरेल.

मामा: छोटूला तिथून लांब ठेव. चालत्या चेनसॉपुढे ओंडका माणसाने धरायचाच नाही. हाताने नाही, पायानेही नाही.

छोटू: मामा, मी जाड बूट घालणार आहे.

मामा: बुटाने काही होत नाही रे. साखळी सेकंदाला वीसेक मीटर धावते. गोल ओंडका जरासा फिरला की ती लाकडात आवळली जाते, ओंडका तरी हिसकला जातो नाहीतर करवत तरी. तेवढ्यात पाय मागे घेणं कुणालाही जमत नाही.

मावशी: मग धरायचा कशाने?

मामा: लांब ओंडक्याचे तुकडे करायचे तर घोडी हवी. जाड बॅटनच्या, म्हणजे लाकडी दांड्यांच्या, दोन फुल्या, खालून आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या. ओंडका वरच्या खाचेत बसतो, म्हणजे घरंगळत नाही. उंची गुडघा आणि कमर यांच्या मधली. कापायचं टोक घोडीच्या बाहेर ठेव, म्हणजे तुकडा खाली पडतो आणि करवतीची पट्टी, जिच्याभोवती साखळी फिरते ती, चिमटत नाही. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल आणि तू मधे वरून कापलंस, तर चीर मिटते आणि करवत आत अडकते.

दादा: पण मला आखूड तुकडे उभे फाडायचे आहेत. ते घोडीवर कसे राहतील?

मामा: नाही राहणार. त्यासाठी जाड फळी घे, तिच्यावर ओंडका आडवा ठेव आणि दोन्ही बाजूंनी पाचरी सरकवून त्या फळीला स्क्रूने पक्क्या कर. वरून रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा, पट्टा आवळलास तर आणखी चांगलं, फक्त तो चिरेच्या वाटेत येऊ देऊ नकोस. फळी असली की साखळी मातीला लागत नाही. माती लागली की धार गेलीच, आणि बोथट साखळीवर माणूस जोर द्यायला लागतो. तिथून पुढे अपघात फार लांब नसतो.

ताई: आडवाच का? उभा करून फाडलेला पाहिलाय मी.

मामा: उभा आखूड ओंडका कलंडतो. शिवाय तेव्हा दात तंतूंच्या टोकांवर चालतात, काम रेंगाळतं. आडव्यात पट्टी तंतूंना समांतर राहते आणि करवत भरभर जाते. मात्र भुशाऐवजी शेवयांसारखी लांब सालपटं निघतात आणि साखळी फिरवणाऱ्या चक्रापाशी झाकणात गच्च बसतात. मधे मधे थांबून, बॅटरी काढून, ती साफ करायची. चीर मिटायला लागली तर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर घाल, लोखंडाची नको.

दादा: बरं. आणि किकबॅक?

मामा: पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही लागू द्यायचा नाही. तो लागला की पट्टी उसळून थेट तोंडाकडे येते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून गुंडाळलेला हवा, आणि डोकं-मान पट्टीच्या रेषेत नको, जरा डावीकडे उभा राहा. सुरू करण्याआधी चेन ब्रेक, म्हणजे साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, लागतो का बघ. चेहऱ्यावर जाळी, कानाला मफ, पायाला चॅप्स, म्हणजे साखळीत गुंतून ती थांबवणाऱ्या धाग्यांचं आवरण. तुझी करवत बॅटरीची आहे, तिचा जोर पहिल्यापासून पूर्ण असतो. चॅप्सच्या धाग्यांनी ती थांबेलच असं धरून चालू नकोस.

ताई: दादा, फाडताना गाभा पूर्ण काढ, दोन्ही बाजूंनी दोन चिरा घेऊन. गाभा राहिला की तडा ठरलेलाच. लांबीही व्यासापेक्षा थोडी जास्त ठेव, टोकं तडकली तर छाटता येतील. लेथवर लगेच चढवणार नसशील तर टोकांना मेण लाव.

दादा: नंतर कोपरे छाटून गोल करायचं तेही चेनसॉनेच?

मामा: बँडसॉ, म्हणजे टेबलावरची पट्ट्याची करवत, मिळाला तर त्यावरच कर, सपाट बाजू टेबलावर ठेवून. चेनसॉनेच करायचं तर सपाट बाजू फळीवर ठेव आणि खालून दोन स्क्रू मधोमध घाल. तो भाग वाडग्यात कोरला जाणार आहे, भोकं उरत नाहीत. स्क्रू छाटायच्या कडेपासून लांब ठेव, साखळी त्याला लागता कामा नये. नुसता तुकडा जमिनीवर ठेवून कोपरा छाटू नकोस, हलका तुकडा दात लागताच उडतो.

छोटू: मग मी काय करू?

मामा: दहा-पंधरा पावलं लांब थांब आणि मुलांना तिकडे येऊ देऊ नकोस. पाचर द्यायची असेल तर साखळी पूर्ण थांबल्यावर, दादाने हाक मारली तरच जवळ जा.

दादा: उद्या फक्त घोडी आणि फळी करतो. फोटो टाकतो, तुम्ही बघितल्यावरच कापायला घेईन.